विषयाला ‘आयकेएस’चा शिक्का कोण मारतं?

पदवीला प्रवेश घेताना नाशिकच्या पोरांपुढे जो तक्ता येतो, त्यात मेजर-मायनरच्या खाली एईसी, व्हीईसी, एसईसी, आयकेएस अशी अक्षरे असतात. बहुतेक जण कोणता तास सोयीचा आहे एवढेच बघून खूण करतात. तिथेच आपण चुकतो.

हे रकाने राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने आखून दिले. भाषा एईसीत, संविधान-पर्यावरण व्हीईसीत, भारतीय ज्ञान प्रणाली आयकेएसमध्ये. रकाना शासनाचा, पण त्यात काय शिकवायचे ते विद्यापीठ ठरवते. अभ्यास मंडळ मसुदा करते, विद्याशाखेतून तो विद्यापरिषदेपुढे जातो, मंजुरी मिळाली की शिक्का बसतो. स्वायत्त महाविद्यालयांची मंडळे स्वतःची असतात.

आता आयकेएसचे बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकूण श्रेयांकांपैकी किमान ५ टक्के या प्रणालीचे असावेत, आणि त्यातले निम्मे तरी विद्यार्थ्याच्या मुख्य विषयाशी जोडलेले. म्हणजे कॉमर्सच्या मुलाला कॉमर्सचेच भारतीय ज्ञान. मग आपली त्रिरश्मी लेणी कुठे आहेत? लेणे क्रमांक १० मधला उषवदाताचा लेख वाचा. त्याने गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले: २००० दरमहा १ टक्क्याने, १००० पाऊण टक्क्याने. मुद्दल काढायचे नाही, व्याजच वापरायचे. २००० चे वर्षाचे व्याज २४०. वर्षावासातल्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हिशेब चोख जुळतो! बँकिंगचा याहून जुना आणि जवळचा धडा नाशिकच्या मुलाला कुठे मिळणार? पण मसुद्यात कोणी घातलाच नाही, तर ‘भारतीय ज्ञान’ म्हणजे काय हे दुसरेच कोणी ठरवणार.

पालीचेही तसेच. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला अभिजात दर्जा दिला. आपण पेढे वाटले, ठीकच. पण त्या दर्जाने कोणत्याही कॉलेजच्या एईसी यादीत पाली आपोआप येत नाही. त्यासाठी मंजूर अभ्यासक्रम, शिकवणारा माणूस आणि फॉर्मवर खूण करणारे पुरेसे विद्यार्थी लागतात.

तेव्हा आधी आपल्या शाखेचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि आयकेएसची घटकनिहाय यादी वाचा. त्रुटी दिसली तर प्राचार्यांमार्फत अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांना लेखी कळवा, सोबत पर्यायी घटक आणि संदर्भग्रंथ जोडा. नुसते निषेधाचे निवेदन फाइलला लागते. तयार घटक मंडळाच्या टेबलावर ठेवता येतो. आणि हे मसुदा मंजूर व्हायच्या आधी करा, नंतर पुढच्या फेररचनेपर्यंत थांबावे लागते.