डीजेची भिंत आणि पोरांचा अभ्यास

आमच्या वस्तीतल्या जयंती समितीचा हिशेब बरीच वर्षे आमच्याकडे आहे. बी.कॉम. झालेला, कचेरीत कारकुनी करणारा माणूस म्हणून पावतीपुस्तके आमच्या हाती आली आणि आम्हीही ती आनंदाने सांभाळली. पण एका वर्षी खर्चाची वही लिहिताना आमचे आम्हालाच वाईट वाटले. घरोघर फिरून जमवलेल्या वर्गणीतला निम्म्याहून जास्त पैसा एकट्या डीजेवाल्याला गेला होता. विहारातल्या अभ्यासिकेसाठी उरले ते सांगायलाही लाज वाटावी इतके.

त्याच रात्री शेजारची मुलगी दारात आली. सीईटीची परीक्षा तोंडावर, हातात पुस्तक. म्हणाली, "काका, अजून किती वेळ चालणार?" आम्ही म्हणालो, "बाळ, आजचा एकच दिवस." ती म्हणाली, "काका, मागच्या आठवड्यात हळद होती, त्याआधी पूजा, त्याआधी साहेबांचा वाढदिवस. सगळे एकच दिवस म्हणतात." आमच्याकडे उत्तर नव्हते.

बंगल्यात राहणारा माणूस खिडकी लावून घेतो. आपल्या घरात खिडकी लावली तरी पत्रा थरथरतो, मांडणीवरची भांडी वाजतात. त्याच एका खोलीत तान्हे मूल असते, दम्याची म्हातारी असते. रात्रपाळी करून आलेला वॉचमन, वॉर्डबॉय, सफाई कामगार दिवसा झोपायला बघतो. आवाजाचा त्रास सगळ्यांना होतो, पण त्यातून पळायला जागा नाही ती आपल्यालाच.

आणि हा त्रास नुसता डोकेदुखीचा नाही. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास, ही कानाच्या सोसण्याची हद्द मानली जाते. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्म्याने घटते. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास आणि १०० ला अवघा पाव तास! डीजेच्या भिंतीपुढे आवाज शंभराच्या पुढे सहज जातो आणि आपली पोरे तिथे तास न् तास नाचतात. कानाच्या आतल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत.

याहून भयंकर गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नोंदलेली आहे. जानेवारी १९९८ मध्ये वर्तमानपत्रांत एक बातमी आली. तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. ती ओरडत होती, पण शेजारी लाउडस्पीकर इतका मोठ्याने वाजत होता की तिचा आक्रोश कुणाच्या कानी पडला नाही. संध्याकाळी तिने स्वतःला जाळून घेतले. ही बातमी वाचून एक इंजिनिअर न्यायालयात गेले. त्या याचिकेवर १८ जुलै २००५ रोजी निकाल लागला. लेकीबाळी असलेल्या प्रत्येक आईबापाने ही हकिगत लक्षात ठेवावी.

कायदा काय सांगतो तेही माहीत करून घेऊ. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते. लेखी परवानगीशिवाय लाउडस्पीकर लावता येत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर तो पूर्ण बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकते. अनेक ठिकाणी त्यात १४ एप्रिलही असतो. पण ही सवलत वेळेची आहे, वाटेल तेवढ्या आवाजाची नाही. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज कोणत्याही स्थितीत ७५ डेसिबलच्या वर जाता कामा नये.

२३ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही स्पष्ट केले की लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. तक्रार करणाऱ्याची ओळख उघड न करता पोलिसांनी कारवाई करावी, असेही न्यायालयाने सांगितले. तेव्हा ११२ क्रमांकावर फोन करायला भिण्याचे कारण नाही.

पण बंधू-भगिनींनो, दुसऱ्याचा भोंगा बंद करा म्हणण्याआधी आपल्या भोंग्याचे काय, हा प्रश्न उरतोच.

आमच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला तेव्हा पोरे उसळली. "काका, बाकीच्यांचे दणक्यात चालते, मग आपलेच का बंद करायचे? ज्या रस्त्यावरून आपल्या आजोबांना वाजतगाजत वरात काढू दिली नाही, त्याच रस्त्यावर आता आम्ही वाजवणार!" त्यांच्या बोलण्यात खोटे काही नाही. गावोगाव आपल्या माणसांनी मिरवणुकीच्या हक्कासाठी मार खाल्ला आहे. तो हक्क आम्ही सोडा म्हणत नाही. मिरवणूक निघालीच पाहिजे. पण मिरवणूक म्हणजे डीजे नव्हे. आंबेडकरी जलशांनी एक ढोलकी आणि खडा आवाज यांवर गावेच्या गावे जागी केली. वामनदादा कर्डकांची गाणी लोकांच्या ओठांवर बसली ती शब्दांमुळे. डीजेच्या धडधडीत भीमगीताचा एक तरी शब्द कळतो का? छाती हादरते, डोक्यात काही शिरत नाही.

आणि बाबासाहेब कसे शिकले ते आठवा. परळच्या चाळीतली एक लहानशी खोली, त्यातच सगळा संसार. दिवसभर गजबज. म्हणून सुभेदार रामजी लेकाला लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला उठवून आपण आडवे होत. सगळी चाळ निजलेली असे तेव्हा रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात भीमरावांचा अभ्यास चाले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्या पहाटेच्या वेळी चाळीत डीजे वाजत असता तर? आज आपल्या वस्तीतही कुणी रामजी लेकराला उठवायला जागा बसला असेल. त्याच्या दाराशी आपण भिंत उभी करतो आणि वर बाबासाहेबांचेच नाव घेतो!

बैठकीत पुष्कळ वादावादी झाली. शेवटी ठरले ते असे: डीजे नाही, ढोल-ताशा आणि लेझीम. एकच लाउडस्पीकर, तोही रात्री दहाला बंद. वाचलेल्या पैशातून अभ्यासिकेला पुस्तके आणि दिवे. जयंतीला सलग अठरा तास अभ्यासाचा कार्यक्रम. काही पोरे अजून आमच्यावर रागावून आहेत. असू देत. त्यांतलीच दोघे-तिघे आता अभ्यासिकेत बसलेली दिसतात.

त्यानंतर गल्लीच्या तोंडाशी रात्री उशिरापर्यंत वाजणाऱ्या मंडपाबद्दल आम्ही पोलीस चौकीत अर्ज दिला. यापूर्वीही द्यावासा वाटे, पण तोंड नव्हते. "तुमच्या जयंतीला काय होते?" असे कुणी विचारले असते तर मान खाली घालावी लागली असती. या वेळी मान वर ठेवून अर्ज दिला.

आता तुमच्या दारी कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन येतील. त्यांना चहा द्या, वर्गणीही द्या. फक्त पावती फाडण्याआधी एवढे विचारा: "दादा, यातले डीजेला किती आणि पुस्तकांना किती?"