मोठा दिवाणखाना आणि आवाजाचा जमाखर्च

नव्या घरात दिवाणखाना मोठा बांधला की होम थिएटरचा विषय निघतोच. पैसा सढळ हाताने खर्च होतो. तरीही पहिल्याच आठवड्यात घरातील ज्येष्ठ मंडळी सांगतात, की स्फोटांनी कान दडपतात, पण पात्रे काय बोलतात ते समजत नाही. दोष बहुधा यंत्रात नसून खरेदीच्या क्रमात असतो. दुकानात सर्वप्रथम रिसीव्हरचे वॅट विचारले जातात, नंतर स्पीकर पाहिले जातात आणि खोलीचा विचार अखेरीस होतो. वास्तविक आरंभ खोलीपासून व्हावयास हवा.

१२ फूट लांब, १२ फूट रुंद व १० फूट उंच खोलीचे घनफळ १,४४० घनफूट होते. ३० बाय २० फुटांच्या आणि १२ फूट उंचीच्या दिवाणखान्याचे ७,२०० घनफूट, म्हणजे पाचपट. शिवाय ऐकणारा दूर बसतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. बंद खोलीत ही घट काहीशी कमी असते.

ही घट केवळ वॅट वाढवून भरून काढणे महाग पडते. वॅट दुप्पट केले तरी आवाज अवघा ३ डेसिबलने वाढतो. ८० आणि १०० वॅटमधील फरक सुमारे १ डेसिबलचा; तो कानाला जेमतेम जाणवतो. याउलट स्पीकरच्या माहितीपत्रकातील सेन्सिटिव्हिटीचा आकडा पाहावा. एक वॅटवर एक मीटर अंतरावर ८६ डेसिबल देणाऱ्या स्पीकरला जेथे १०० वॅट लागतात, तेथे ९२ डेसिबल देणाऱ्यास २५ वॅट पुरतात. म्हणून मोठ्या खोलीसाठी भांडवलाचा मोठा वाटा स्पीकरवर घालणे हिताचे. चांगले स्पीकर अनेक वर्षे टिकतात; रिसीव्हर मात्र नव्या तंत्रामुळे लवकर जुना होतो.

चित्रपटातील बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. तोच लहान घेऊन बचत करणे म्हणजे मुख्य मालातच काटकसर करणे होय. तो डाव्या-उजव्या स्पीकरच्या जातकुळीचा असावा, त्याचे तोंड बसणाऱ्यांच्या कानाकडे असावे आणि तो कपाटात कोंबलेला नसावा. खर्जाच्या आवाजासाठी एका सबवूफरऐवजी दोन घेऊन निरनिराळ्या जागी ठेवले, तर सर्व आसनांवर आवाज अधिक समान पोहोचतो.

रिसीव्हर निवडताना छापील वॅट बारकाईने वाचावेत. तो आकडा बहुधा दोनच चॅनेल चालू असतानाचा असतो. पाच किंवा सात चॅनेल एकदम चालले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी वॅट येतात. ‘पीएमपीओ’चे हजारोंचे आकडे तर विचारातच घेऊ नयेत. स्पीकर ४ ओहमचे असल्यास रिसीव्हर तो भार पेलतो का, हे लेखी तपासावे. पुढे वेगळा ॲम्प्लिफायर जोडावयाचा असल्यास प्री-आउटची सोय पाहावी. यंत्र तापते, त्यामुळे त्याच्या वर व बाजूंस हवा खेळती असावी.

गुळगुळीत संगमरवरी फरशी, मोठ्या काचा आणि उघड्या भिंती यांवरून आवाज परावर्तित होऊन शब्द एकमेकांत मिसळतात. जाड सतरंजी, घडीचे पडदे, कापडी सोफा आणि पुस्तकांचे कपाट यांनी पुष्कळ फरक पडतो. दोन हजारांची सतरंजी कधीकधी वीस हजारांनी महाग रिसीव्हरपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

यंत्रसामग्री आधीच घेतलेली असेल, तर एक उपाय बिनखर्चाचा आहे. अनेक रिसीव्हरसोबत मायक्रोफोन मिळतो. त्याने नेहमीच्या आसनावरून मोजणी करून घ्यावी. नंतर सेंटर स्पीकरची पातळी २-३ डेसिबल वाढवावी आणि रात्री आवाजाचे चढउतार कमी करणारी सोय चालू ठेवावी. ही जुळवणी तपासताना ज्येष्ठांच्या नेहमीच्या आसनावर बसून, नेहमीच्या आवाजात, संवादप्रधान चित्रपट ऐकावा. त्या जागेवरून शब्द स्पष्ट कळू लागले, तर नवी खरेदी पुढे ढकलता येते.