घाटघरचा पाऊस आणि आपला पाऊस



रोहिणी सरत आली की गटागटांतून आमच्याकडे दोन प्रश्न जोडीनेच येतात. "पाऊस कुठवर आला?" आणि "भंडारदऱ्यात काय हालचाल?" हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. उत्तरेही वेगळी आहेत. आडसाली लागणीचा निर्णय मात्र पुष्कळजण दोहोंपैकी एकाच उत्तरावर घेऊन मोकळे होतात. म्हणून या अंकात थोडे पावसाविषयी.

आपला नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, नकाशावर एक असला तरी पावसाच्या हिशेबात एक नाही. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीचा कडा आहे. तिथे घाटघर-रतनवाडीला वर्षाकाठी चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला सरळ रेषेत शंभर किलोमीटर आले की आपले श्रीरामपूर-राहुरी. इथे वर्षाचा पाऊस पाचशेच्या आसपास, म्हणजे जुन्या मापाने वीस इंच. समुद्रावरून आलेले ढग घाटाला धडकून वर चढतात, गार होतात आणि तिथेच रिते होतात. इकडे उतरताना हवा तापते, कोरडी होते. आपल्या वाट्याला येतो तो वारा, सावली आणि भुरभूर. यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

फरक नुसता मापाचा असता तर गोष्ट सोपी होती. फरक वेळेचाही आहे, आणि तो फारसा कुणी लक्षात घेत नाही. घाटघरचा खरा पाऊस जुलै-ऑगस्टचा, म्हणजे तरण्या-म्हाताऱ्यापासून आसळका-मघांपर्यंतचा. आपल्याकडे मृगात एखाददुसरा बरा पाऊस होतो, आणि मग पुनर्वसू-पुष्यात ढग नुसते पळत असतात. आपला भरवशाचा महिना सप्टेंबर. उत्तरा आणि हस्त. त्या वेळी बंगालच्या उपसागराकडून कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकतात, दुपारी ऊन तापते, संध्याकाळी पूर्वेकडून गडगडाट करीत पाऊस येतो. तासाभरात बांध फोडून जातो. पुष्यात प्रवरा दुथडी वाहत असते आणि काठावरच्या रानात ढेकूळ विरघळत नाही, हे दृश्य आपल्याला नवे नाही.

आता आडसालीचे बघा. लागण जुलै ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत, म्हणजे नेमकी आपले आभाळ कोरडे असते तेव्हा. मोकाट पाण्यावर आडसाली उसाला सुमारे ३०० ते ३५० हेक्टर-सेंटिमीटर पाणी लागते. सोप्या शब्दांत, साऱ्या रानात तीन-साडेतीन मीटर उंच पाणी उभे करावे इतके. हा ऊस दोन पावसाळे पाहतो. दोन्ही नीट झाले तर आपल्या आभाळाचे जास्तीत जास्त एक मीटर, आणि त्यातलेही बरेच ओढ्याला जाते. उरलेले सगळे कालव्याचे आणि विहिरीचे. विहीर तरी कुठली निव्वळ आपली! लाभक्षेत्रातल्या विहिरी कालव्याच्या पाझरावर जगतात. आवर्तन बंद झाले की काही आठवड्यांत पाणी तळाला जाते, हे प्रत्येकाने पाहिले आहे. विहीर सातबाऱ्यावर आपली, पाणी घाटघरचे.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. ओझरच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या दोन कालव्यांनी इकडच्या माळाचा मळा केला. धरणाची साठवण अकरा टीएमसी. बहुतेक वर्षी ऑगस्टच्या मध्यास ते भरते, आणि मग आपल्याकडे पेढे वाटल्यासारखा आनंद होतो. आनंद रास्त आहे. परंतु "धरण भरले" म्हणजे "पाणी आपले झाले" असे आता राहिलेले नाही. १५ ऑक्टोबरला पैठणच्या जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर समन्यायी वाटपाच्या नियमाने वरच्या धरणांतून खाली पाणी सोडावे लागते. २०१८ साली सोडले, २०२३ साली पुन्हा सोडले. २०२३ चा ऑगस्ट तर १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला होता. या नियमाचा न्याय-अन्याय हा वादाचा विषय आहे, तो इथे नको. मुद्दा हा की जायकवाडी भरण्यात धरणांखालच्या मोकळ्या पाणलोटाच्या पावसाचाही वाटा असतो. म्हणजे आपला उत्तरा-हस्ताचा पाऊस दोनदा कामी येतो. रानात एक पाळी वाचते, आणि वरून पाणी सोडण्याचा बोजाही हलका होतो.

तेव्हा लागणीच्या वेळी, जुलैत, निम्मा हिशेब आभाळातच असतो. आमचे स्पष्ट मत असे की, उन्हाळ्यातले एक आवर्तन चुकले तरी जगेल एवढ्याच क्षेत्रावर आडसाली करावी. बाकीचे रान पूर्वहंगामीला ठेवावे. ती लागण १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर, तोवर दोन्ही पाऊस पडून गेलेले असतात आणि कालवा सल्लागार समितीचे चित्रही दिसू लागते. टनेज थोडे घटेल, हे कबूल. पण मे महिन्यात वाळलेल्या उसाला टनेज कसले? ठिबक असेल त्याने हात थोडा सैल सोडायला हरकत नाही.

वळवाच्या पावसाची एक गोष्ट मात्र विसरू नये. मे अखेरीस पहिला दमदार वळीव झाला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर निघतात आणि अंधार पडता पडता कडुनिंब-बाभळीवर बसतात. त्याच चार-आठ रात्री फांद्या हलवून ते रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. सगळ्या शिवाराने मिळून केले तरच उपयोग, एकट्याने केले तर शेजाऱ्याचे भुंगेरे आहेतच.

थंडीबद्दल तक्रार करू नये. कोरडी हवा आणि गार रात्री असल्या की उसात साखर भरते, उतारा चढतो. या दिवसांत ढगाळ हवा व अवकाळी पाऊस आला की तोड थांबते, गाड्या रुततात, उताराही बसतो. सुरूची उगवण थंडीने रेंगाळते हे खरे, त्याला इलाज नाही.

शेवटी एक काम. महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत, पण मंडळात गावे बरीच असतात आणि सप्टेंबरचा पाऊस रस्त्याच्या अलीकडे पडतो तर पलीकडे नाही. प्रत्येकाने आपल्या रानाचा पाऊस आपणच मोजावा. पर्जन्यमापक नसला तर सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा चालतो. झाडापासून, घरापासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर मोकळ्यात ठेवावा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची खोली मिलिमीटरमध्ये मोजावी, वहीत तारीख व नक्षत्र लिहावे, डबा रिकामा करावा. पंचवीस मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे एक लाख लिटर पाणी पडले असे समजावे आणि पुढची पाळी त्या हिशेबाने लांबवावी. अडीच मिलिमीटरच्या आतला पाऊस लिहावा जरूर, पण त्याच्या भरवशावर मोटार बंद करू नये.