बाबागाडी घेण्याआधी वाट मोजा

दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर कुठलीही बाबागाडी छानच चालते. घरी आणल्यावर ती लिफ्टच्या दारात अडते, फाटकाबाहेरच्या पेव्हर ब्लॉकवर थडथडते आणि महिनाभरात गॅलरीत कपड्यांच्या स्टँडशेजारी जाऊन उभी राहते. अशा वेळी गाडी वाईट असतेच असं नाही. ती दुसऱ्या कुणाच्या तरी रस्त्यासाठी बनलेली असते, एवढंच. म्हणून रंग, कंपनी, किंमत हे सगळं नंतर. आधी आपली वाट पाहू, मग बाळाचं वय, आणि मग गाडी.

पण त्याआधी, घाई नको. आपल्याकडे सव्वा महिना बाळाला सहसा बाहेर काढत नाहीत. डॉक्टरांकडच्या फेऱ्या तेवढ्या होतात, त्याही कुणाच्या तरी मांडीवर. पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर तिथे काही महिने आणि मग सासरी, अशी दोन घरं, दोन जिने आणि दोन रस्ते असतात. गाडी शेवटी ज्या घरी राहणार तिथली वाट महत्त्वाची. बारशाला आत्या किंवा मामा गाडी देणार असतील तर मोकळेपणाने सांगावं, की आम्ही पाहून ठेवतो, तुम्ही पैसे द्या. थोडं अवघडल्यासारखं होतं खरं, पण दोन महिने खोक्यातच राहिलेल्या गाडीची बदलून घ्यायची मुदत तोवर संपलेली असते.

आता टेप घ्या आणि घराच्या दारापासून निघा. लिफ्टचं दार पूर्ण उघडल्यावर मोकळी रुंदी किती? आतली खोली किती? जुन्या इमारतींत जाळीचं सरकतं दार असतं, ते पूर्ण सरकत नाही. जेवढं उघडतं तेवढंच मोजा. लिफ्टमधल्या पाटीवर ‘६ व्यक्ती, ४०८ किलो’ असं लिहिलेलं असतं, त्याचा इथे उपयोग नाही. अडचण वजनाची नसते, रुंदीची असते. पुढे सोसायटीचं छोटं फाटक, उतार आहे की पायऱ्या, आणि गाडी मिटवून ठेवायची ती घरातली जागा. कार असेल तर डिकीही मोजा. सीएनजीची टाकी बसवलेल्या डिकीत फारसं काही मावत नाही.

साधारण अंदाज असा. छत्रीसारख्या मिटणाऱ्या हलक्या गाड्या ४५ ते ५० सेंटिमीटर रुंद असतात, नेहमीच्या ५५ ते ६२, आणि जुळ्यांसाठी शेजारी-शेजारी आसनं असलेल्या ७५ च्या पुढे. ही रुंदी मागच्या दोन चाकांच्या बाहेरच्या कडांमध्ये मोजायची, आसनाची नव्हे. जुळ्यांची गाडी लिफ्टमध्ये जात नसेल तर एकामागे एक आसनं असलेली मिळते. ती लांब असते, वळवायला जड जाते, पण दारातून जाते.

घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, असं असेल तर जरा थांबून विचार करा. गाडी सहा किलोची, बाळ पाच किलोचं, खांद्यावर पिशवी. हे सगळं घेऊन रोज जिना चढणार कोण? अशा घरात पहिले काही महिने कॅरिअर, म्हणजे बाळाला छातीशी बांधून न्यायचं झोळीसारखं साधन, जास्त कामाला येतं. त्यात बाळाच्या मांड्यांना पूर्ण आधार हवा, गुडघे कुल्ल्यांपेक्षा थोडे वर हवेत, आणि बाळाचा चेहरा मान खाली घालताच आपल्याला दिसायला हवा. गाडी पुढे घेता येते.

आता बाळाचं वय. बाजारात ढोबळपणे दोन प्रकार आहेत. प्रॅम म्हणजे बाळ आडवं झोपेल अशी, पाळण्यासारख्या सपाट तळाची गाडी. स्ट्रोलर म्हणजे बाळ बसवायची गाडी, जिची पाठ मागे कलते. आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत दोन्हींना प्रॅमच म्हणतात, त्यामुळे नावावर जाऊ नका, आसन पाहा.

नवजात बाळाला सपाट किंवा जवळपास सपाट आसनच हवं. हे एवढं जपायचं कारण असं. नवजात बाळाची मान धरलेली नसते. त्याला अर्धवट बसवलं की डोकं पुढे लोंबतं, हनुवटी छातीला टेकते आणि आधीच अरुंद असलेली श्वासाची वाट दुमडते. बाळ रडत नाही, हातपाय झाडत नाही, गाढ झोपल्यासारखं दिसतं. तीच भीती आहे. म्हणून ईएन १८८८ या युरोपीय मानकात नवजात बाळाच्या गाडीची पाठ आणि बैठक यांतला कोन किमान १५० अंश सांगितला आहे. पूर्ण सपाट म्हणजे १८० अंश. मान साधारण चौथ्या महिन्याच्या सुमारास स्थिर होते, आधाराशिवाय बसणं सहाव्या महिन्याच्या आगेमागे येतं, पण प्रत्येक बाळाची गती निराळी. बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलेलं असेल किंवा वजन कमी असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवा.

खोक्यावर ‘जन्मापासून’ असं छापलेलं असलं तरी दुकानात पाठ पूर्ण पाडायला सांगा आणि बाजूने, खाली वाकून पाहा. स्वस्त गाड्यांत एक गोष्ट हमखास आढळते: पाठीला फळी नसते, नुसतं कापड असतं आणि मागचा पट्टा सैल केला की ते कापड कलतं. रिकामी असताना ती सपाट दिसते. बाळ ठेवलं की मधोमध खळगा पडतो आणि पाठीची कमान होते. तळहाताने मधोमध दाबून पाहिलं की लगेच कळतं.

बाळाचं तोंड आपल्याकडे असावं की रस्त्याकडे? पहिले सहा महिने आपल्याकडेच बरं, बाळ दिसत राहतं. त्यासाठी दोन सोयी असतात. महागड्या गाड्यांत आसनच उचलून उलटं बसवता येतं. आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गाड्यांत दांडा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पलटतो. हा पलटणारा दांडा विक्रेता मोठ्या कौतुकाने दाखवतो, पण तो पलटल्यावर गाडी चालवून पाहा असं म्हणत नाही. आपण चालवून पाहा. फिरती चाकं आता आपल्या बाजूला येतात आणि वळताना गाडी भलतीकडेच जाते. शिवाय ब्रेक पलीकडे, बाळाच्या डोक्याखाली गेलेला असतो. काहींना याची सवय होते, काहींना नाही.

‘ट्रॅव्हल सिस्टिम’ नावाचा एक संचही मिळतो: कारमधलं बालआसन तसंच उचलून गाडीच्या सांगाड्यावर बसवायचं. कार नेहमी वापरणाऱ्यांना तो सोयीचा आहे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलांना कारमध्ये पट्टा किंवा बालआसन लावणं सक्तीचं आहे, नाहीतर १००० रुपये दंड, त्यामुळे आसन घ्यायचंच आहे. फक्त त्या आसनात बाळ अर्धवट बसलेलं असतं, हे विसरू नका. मुक्कामी पोचल्यावर बाळ झोपलंय म्हणून तासन् तास त्यातच राहू देऊ नये. उचलून सपाट जागी ठेवावं.

यानंतर चाकं, आणि आपल्या रस्त्यांसाठी माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो. मॉलमध्ये आणि विमानतळावर हातभर गाडीला वीतभरही नसलेली चाकं पुरतात. पण लहान, कडक प्लॅस्टिकची चाकं पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतात, गटाराच्या जाळीत रुततात आणि खडीवर तर फिरतच नाहीत, घसटतात. पुढची चाकं निदान १५ आणि मागची १८ सेंटिमीटर व्यासाची असली की फरक हाताला जाणवतो. फोमची किंवा रबरासारख्या मऊ आवरणाची चाकं मध्यममार्गी. हवेची चाकं सगळ्यांत सुखाची, पण पंक्चर होतात. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे तेवढी ट्यूब मिळते का, हे घेण्याआधी विचारून ठेवा.

पुढची चाकं सगळीकडे फिरणारी असतात, त्यांच्यावर एक खटका असतो. खडबडीत रस्त्यावर तो दाबून चाकं सरळ अडकवायची, नाहीतर ती थरथरतात आणि गाडी बाजूला ओढते. अनेकांना हा खटका आहे हेच माहीत नसतं. दुकानात पाच किलोची तांदळाची पिशवी नेऊन आसनात ठेवा आणि एका हाताने गाडी ढकला, वळवा. रिकामी गाडी काहीच सांगत नाही. ऑनलाइन घेणार असाल तरी एकदा दुकानात हाताळून या.

फुटपाथचा कठडाही आपल्याला रोज भेटणार. चढताना दांडा खाली दाबायचा, पुढची चाकं उचलून वर टेकवायची, मग मागची ढकलायची. उतरताना गाडी फिरवून आपण आधी उतरायचं आणि मागची चाकं हळूच खाली घ्यायची. दांडा दाबताना तो लवत असेल किंवा सांध्यात कुरकुरत असेल तर ती गाडी आपल्या वाटेची नाही. दुचाकी चढू नयेत म्हणून फुटपाथच्या तोंडाशी खांब रोवलेले असतात, त्यांच्यातली फटही एकदा मोजून घ्या.

ब्रेक एकाच पायदाबाने दोन्ही चाकांना लागणारा घ्यावा. प्रत्येक चाकाला वेगळा असला की घाईत एकच लागतो आणि उतारावर गाडी गोल फिरत निघते. चपलेच्या टोकाने तो उचलता येतो का, हेही पाहा. आपण बुटात कमी आणि चपलेत जास्त असतो.

पट्टा पाच टोकांचा हवा: दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक मांड्यांमधून. तीन टोकांच्या पट्ट्यातून दहा महिन्यांचं मूल उभं राहतं. पट्टा बांधल्यावर छातीशी दोन बोटं जातील इतकाच सैल असावा आणि बाळ वाढेल तसा खांद्याचा पट्टा वरच्या खाचेत घ्यावा. हे दुसरं काम बहुतेक घरांत राहून जातं.

गाडी छत्रीसारखी मिटवायची कल्पना ओवेन मॅक्लॅरेन या ब्रिटिश अभियंत्याची. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या, उड्डाणानंतर आत मिटणाऱ्या चाकांच्या आराखड्यावर त्यांनी काम केलं होतं. तोच अनुभव वापरून १९६५ मध्ये त्यांनी ॲल्युमिनियमची हलकी घडीची गाडी केली. आजच्या बहुतेक हलक्या गाड्या तिच्याच वंशातल्या. या घडीची एक बाजू मात्र धोक्याची: २००९ मध्ये याच नावाच्या कंपनीला अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्यांच्या बिजागरींवर आवरणं पुरवावी लागली, कारण मुलांची बोटं त्यांत सापडून तुटली होती. गाडी कुठल्याही कंपनीची असो, उघडताना-मिटवताना मूल हाताच्या अंतरावर नको. उघडल्यावर दोन्ही कुलपं ‘टक्’ वाजली का ऐका, दांडा एकदा हलवून पाहा, मगच बाळ ठेवा.

घडी कशी हवी हे प्रवासावर ठरतं. छत्रीची घडी मीटरभर लांब होते, रिक्षात ती उभी धरावी लागते. तीन भागांत मिटणारी गाडी सुटकेसएवढी होते आणि पायांशी मावते. गर्दीच्या लोकलमध्ये तर मिटवल्याशिवाय चढूच नका. दुकानात एका कडेवर पिशवी घेऊन, एकाच हाताने तीन वेळा मिटवून पाहा. विक्रेत्याने मिटवलेली धरायची नाही, त्याचा रोजचा हात असतो.

ऊन-पावसाचं थोडक्यात. टप खोल असावा, त्याला मागे हवेसाठी जाळी असावी. ऊन लागतं म्हणून गाडीवर ओढणी किंवा दुपटं पांघरू नका. आतली हवा कोंडते आणि पाहता पाहता तापते, बाळ दिसतही नाही. पावसाळी प्लॅस्टिक आवरणालाही झरोके हवेत आणि पाऊस थांबताच ते काढायला हवं. मच्छरदाणी स्वस्त आहे, जरूर घ्या. खेळण्यांचा ट्रे, संगीत, पेल्याची कडी यांवर पैसे घालू नयेत असं माझं मत. गाडीबरोबर वॉकरही गळ्यात मारतात, तो तर नकोच. कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

दांड्याला भाजीची पिशवी अडकवायचा मोह सगळ्यांनाच होतो. बाळ गाडीत असेपर्यंत सहसा काही होत नाही. बाळाला उचललं की तोल जातो आणि गाडी मागे उलटते. बाळ हलकं असेल तर ते आत असतानाही उलटू शकते. सामान आसनाखालच्या टोपलीतच ठेवायचं.

जुनी गाडी घ्यायला हरकत नाही, चांगल्या गाड्या दोन-तीन मुलं सहज काढतात. बकल दहा वेळा लावून पाहा, ब्रेक उतारावर तपासा, सांध्यांजवळ गंज किंवा तडा आहे का ते बोट फिरवून पाहा. कापडाचे काळे ठिपके म्हणजे बुरशी. ती धुऊन जाईल असं विकणारा सांगतो, पण फोममध्ये गेलेली जात नाही. खोळ निघत नसेल तर सोडून द्या.

गाडी घरी आली की महिन्यातून एकदा चाकांच्या आसात गुंडाळलेले केस आणि दोरे काढावेत, पावसात भिजल्यास उघडी ठेवूनच वाळवावी. बहुतेक गाड्यांची मर्यादा १५ किलोची असते, मूल साधारण तिसऱ्या वर्षाच्या पुढे तिथे पोचतं. तेव्हा ती कुणाला द्याल तर पावसाळी आवरण आणि माहितीपुस्तिकाही बरोबर द्या, कारण ती सुटी मिळवणं फार जिकिरीचं असतं.