आभासी वास्तवाची वायर

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने ग्राफिक्स कार्डावर लिहावे, हे पाहून आमचे शास्त्रशाखेचे मित्र हसतील. हसोत बापडे! देहू-आळंदी रस्त्यावरच्या तळवड्यात राहणाऱ्याची यंत्रांपासून सुटका नाही. एकीकडे आयटी पार्क, दुसरीकडे पत्र्याच्या शेडमधले प्रेस. या दोन्ही जगांची गाठ माझ्या मामेभावाच्या वर्कशॉपमध्ये पडली.

प्रेसखाली बोटे जाणे ही आमच्या पट्ट्यातली जुनी जखम. नव्या पोराला खऱ्या यंत्रापुढे उभे करण्याआधी आभासी यंत्रावर त्याचा हात बसावा, म्हणून दादाने ऑक्युलस रिफ्ट एस हा हेडसेट जुना विकत घेतला. (तो २०१९ साली बाजारात आला नि २०२१ मध्ये बंदही झाला.) लॅपटॉपला जोडला, तर आत काळोख! कार्ड जीटीएक्स १०५० टीआय, म्हणजे कंपनीने सांगितलेल्या किमान पात्रतेचे. मग अडले कोठे?

कल्पना तशी जुनीच. आयव्हन सदरलंड यांनी १९६८ च्या सुमारास असे यंत्र केले होते. ते इतके जड, की छताला टांगावे लागे. मान वळली की चित्रही वळले पाहिजे, ही अट तेव्हापासूनची. रिफ्ट एसचा पडदा २५६० गुणिले १४४० ठिपक्यांचा आणि चित्र सेकंदाला ८० वेळा बदलायचे. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे साडेएकोणतीस कोटी ठिपके होतात. साध्या फुल एचडी पडद्याला ६० च्या गतीने साडेबारा कोटीही लागत नाहीत. एका चित्रासाठी कार्डाला साडेबारा मिलिसेकंद मिळतात; तेवढ्यात जमले नाही तर चित्र अडखळते आणि बघणाऱ्याला मळमळते. कार्डाची ताकद पाहतात ती यासाठी.

परंतु आमचा काळोख ताकदीचा नव्हताच. हेडसेटला हवे डिस्प्लेपोर्ट, लॅपटॉपला फक्त एचडीएमआय. एका दुकानदाराने शंभर टक्के चालेल म्हणून एक जोडणी गळ्यात मारली. गंमत अशी, की डिस्प्लेपोर्टला पुष्कळदा दोन्ही भाषा बोलता येतात, म्हणून तिकडून एचडीएमआयकडे साधी जोडणी चालते. उलट दिशेने मात्र चालत नाही. तेथे विजेवर चालणारा खराखुरा दुभाष्याच लागतो, आणि तोही हेडसेटला मानवेल याची खात्री नसते. शिवाय कित्येक लॅपटॉपांत बाहेरचे भोक प्रोसेसरमधल्या चित्रयंत्रणेला जोडलेले असते. त्यामुळे आत कार्ड असूनही हेडसेटला ते सापडत नाही.

मग ऑफिसातला टेबलावरचा संगणक काढला. त्यात चांगले कार्ड होते, तरीही पडद्यावर तोच निरोप: डिस्प्लेपोर्ट जोडलेले नाही. पाठीमागे बॅटरी धरून पाहिले. वर मदरबोर्डची उभी भोके, खाली कार्डाची आडवी. वायर वरच्या भोकात! तेथून काढून खाली घातली, यूएसबीची वायर पुढच्या सैल भोकातून मागच्या यूएसबी ३.० मध्ये नेली, ड्रायव्हर नवे केले.

दिसू लागले. तीस वर्षे प्रेसवर काढलेल्या फोरमनकाकांना पहिला मान दिला. आभासी प्रेस खाली येताच काकांनी दोन्ही हात झटक्यात मागे ओढले, आणि हेडसेट न काढताच म्हणाले, "वेग अजून कमी आहे रे, खरा याहून लवकर येतो."