दर तोच, मग लाइट बिल का वाढले?



गेल्या उन्हाळ्यात खोडव्याची पाहणी करायला आम्ही एका सभासदाच्या रानात गेलो होतो. पाचट कुट्टी, खताचा डोस वगैरे बोलणे झाले आणि चहाला म्हणून घरी नेले. घरात वातावरण तापलेले. कारण लाइटचे बिल. एरवी साडेसातशे-आठशे येणारे बिल या खेपेला सतराशेच्या घरात गेलेले. म्हातारे अण्णा सुनेवर उखडले होते, "दिवसभर पंखा, रात्रभर पंखा, वर ते मिक्सर." सूनबाई गप्प. मुलगा म्हणाला, "साहेब, दर वाढला नाही असं पेपरात आहे. मग हे कसं?"

प्रश्न रास्त होता. गट ऑफिसात हा प्रश्न आम्हाला वरचेवर विचारला जातो, म्हणून उसाचा विषय सोडून या वेळी लाइट बिलावर लिहीत आहोत.

आधी एक जुनी सवय सांगितली पाहिजे. आपल्यातल्या पुष्कळ जणांना मोटारीचे बिल अश्वशक्तीवर भरायची सवय आहे. पाच एच.पी.ची मोटर, एच.पी.ला इतके रुपये, म्हणजे बिल इतके. मोटर चार तास चालो की आठ तास, आकडा तोच. तेच गणित आपण घराला लावतो आणि फसतो. घरचा दर ठरलेला असतो, बिल ठरलेले नसते. उसाचे तरी काय? टनाचा भाव ठरला म्हणून दोन सभासदांची बिले सारखी निघत नाहीत. टनेज वेगळे, कपाती वेगळ्या. लाइट बिलही तसेच वाचायचे.

बिलाच्या कागदावर मुख्य रकाने असे. पहिला स्थिर आकार. हा वीज वापरा अगर न वापरा, द्यावाच लागतो. दुसरा वीज आकार, म्हणजे युनिटचे पैसे. तिसरा वहन आकार, तारेवरून वीज घरापर्यंत आणल्याची ती वाहतूक म्हणा. कधी कधी इंधन समायोजन आकार असतो, तो महिन्याला कमी-जास्त होतो, म्हणून दर न बदलताही थोडा फरक पडतो. आणि या बेरजेवर शंभराला सोळा रुपये वीज शुल्क, ते सरकारचे. दर कंपनी आपल्या मनाने ठरवीत नाही, महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो.

खरी मेख आहे ती टप्प्यांत. घरगुती वापराला पहिल्या शंभर युनिटला एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, पुढे आणखी चढा. २०२४-२५ सालचे दर घेऊन हिशेब करू. तेव्हा पहिल्या शंभराला युनिटमागे ४ रुपये ७१ पैसे होते आणि पुढच्या टप्प्याला १० रुपये २९ पैसे. वहन आकार १ रुपया १७ पैसे, स्थिर आकार १२८ रुपये. ९० युनिट जळले तर शुल्क धरून बिल होते ७६२ रुपये. १४० जळले तर १,३६२. वापर वाढला पन्नास युनिट, पैसे वाढले सहाशे. म्हणून उन्हाळ्यातले बिल डोळ्यात येते. मात्र एक गैरसमज काढून टाका. शंभराच्या वर एक युनिट गेले की सगळीच युनिटे महाग होतात, असे काही जण ठामपणे सांगतात. तसे नाही. वरची तेवढीच महाग, खालची शंभर जुन्याच दराने.

आता पुन्हा अण्णांच्या घरी. कागद हातात घेतला. मागच्या महिन्याच्या बिलात चालू रीडिंगच्या जागी घर बंद असल्याचा शेरा होता. बरोबर आहे, सगळी माणसे रानात होती आणि मीटर पडवीच्या आत, कुलपात. रीडिंग मिळाले नाही म्हणून सरासरीने ७० युनिटचे बिल निघाले आणि मुलाने ते भरले. या महिन्यात रीडिंग मिळाले तेव्हा दोन महिन्यांची मिळून २०० युनिटे एकदम पडली. म्हणजे महिन्याला शंभर. घरात कोणी उधळमाधळ केलेली नव्हती.

पण दुसरीच चूक सापडली. दोन महिन्यांची युनिटे असली की टप्पेही दुप्पट धरायचे असतात, म्हणजे स्वस्त दराची २०० युनिटे. इथे स्थिर आकार दोन महिन्यांचा लावलेला आणि टप्पा मात्र एकाच महिन्याचा. शंभर युनिटे स्वस्तात, शंभर महागात. पाटीवर खडूने हिशेब मांडला. दोन्ही महिन्यांचे मिळून १,६६१ व्हायला हवे होते, लावले होते २,३०८. आधी भरलेले ६२६ वजा केले तरी ६४७ रुपये जादा.

अण्णा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने सुनेला म्हणाले, "साहेबांना अजून एक कप चहा दे." आम्ही समजायचे ते समजलो.

मुलाने मीटरच्या आकड्याचा फोटो, दोन्ही बिले आणि साधा अर्ज घेऊन वीज कचेरी गाठली. दोन हेलपाटे झाले. पुढच्या बिलात रक्कम वजा होऊन आली. २०२० साली टाळेबंदीत मार्च अखेरपासून रीडिंग थांबले आणि जूनमध्ये तीन-तीन महिन्यांची बिले एकदम आली, तेव्हा राज्यभर याच कारणाने गोंधळ झाला होता. त्या एप्रिलपासून दरही बदलले होते, त्यामुळे लोकांना काहीच उमगेना.

तेव्हा बिल आले की रकमेकडे नंतर बघा. आधी मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि किती दिवसांचे बिल ते बघा. चालू आकडा मीटरवरच्या आकड्याशी ताडून बघा. वजनकाट्यावर आपण पावती बघितल्याशिवाय गाडी हलवत नाही, मग इथेच डोळे का मिटायचे? मीटर पडवीच्या आत असेल तर बाहेर काढून घ्या.

वर्षातून एकदा सुरक्षा ठेवीचे वेगळे मागणीपत्र येते. त्याला दरवाढ समजू नका. सरासरी मासिक बिलाच्या दुपटीइतकी ठेव लागते, वापर वाढला की फरक मागतात. तिच्यावर व्याजही मिळते, ते बिलात जमा झाले का ते पाहावे.

बिल चुकीचे वाटले म्हणून भरायचेच नाही, हा मार्ग धोक्याचा. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे मागणीची रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यांत कमी असेल ती हरकत नोंदवून भरली तर वाद मिटेपर्यंत जोडणी तोडता येत नाही. तोडायची झाली तरी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. अर्जाची पोच घ्यायला मात्र विसरू नका. कचेरीत दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे.

आणखी एक. एप्रिल २०२४ पासून साडेसात एच.पी.पर्यंतच्या शेतीपंपांना मोफत विजेची योजना लागू झाली. त्यावर काही सभासदांनी घरचेही बिल भरायचे बंद केले आणि थकबाकी चढली. मोटारीची जोडणी वेगळी, घरची वेगळी. ग्राहक क्रमांकही वेगळे असतात.

ज्यांना बिलाचा ताळा जमत नसेल त्यांनी मागची तीन बिले घेऊन बुधवारी गट ऑफिसला यावे. आम्ही दुपारपर्यंत असतो. नंतर लागणीच्या नोंदी घ्यायला बाहेर पडतो.

– ऊस विकास अधिकारी