अलिबागची वेधशाळा आणि सी भाषेंतील मॅक्रो

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदींस १८४१ सालीं आरंभ झाला. पुढें शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें दिसूं लागलें. त्यांच्या प्रवाहामुळें नाजूक उपकरणें विचलित होतील, म्हणून डॉ. मूस यांच्या देखरेखीखालीं हें काम अलिबागेस हलविण्यांत आलें. १९०४ ते १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं निरीक्षणें घेऊन जुनी मालिका नवीस जोडली गेली. ती अखंड व विश्वसनीय राहावी, यांतच तिचें सारें मोल आहे.

आतां अशा नोंदी संगणकावर सिद्ध होतात. समजा, त्यांसाठीं कोणी सी भाषेंत प्रोग्राम लिहिला. त्यास दोन तऱ्हेच्या संख्या लागतील. दिवसाचीं मिनिटें १४४०. तीं कधींच बदलावयाचीं नाहींत. बेसलाइनची गोष्ट निराळी. यंत्र केवळ चढउतार दाखवितें. त्यांत मिळवावयाची ही पायाभूत संख्या प्रत्यक्ष मोजणीनें वेळोवेळीं नव्यानें ठरवावी लागते.

पहिलीस मॅक्रो शोभतो. प्रोग्रामचें यंत्रभाषेंत रूपांतर होण्यापूर्वीं प्रीप्रोसेसर तो वाचून जातो आणि मॅक्रोचें नांव दिसेल तेथें ठरलेला मजकूर घालतो. गणित तो करीत नाहीं. त्याचें काम नकलनविसाचें. ‘२ + ३’ असा मॅक्रो लिहून त्यास २ नें गुणावें, तर उत्तर १० न येतां ८ येतें. कारण कंसावांचून ‘२ + ३ × २’ एवढेंच उतरतें. दुसरीस व्हेरिएबल, म्हणजे चल, हवा. चल ही स्मृतींतील एक जागा असून तींत मूल्य भरतें तें प्रोग्राम चालूं लागल्यावर.

नवशिक्याचा घात होतो तो या दोहोंच्या सीमेवर. ‘बेसलाइन शून्याहून अधिक असेल तरच ती मिळवावी’ ही अट त्यानें प्रीप्रोसेसरच्या ‘इफ’नें लिहिली, असें धरूं. त्या वेळीं चल अस्तित्वांतच नसतो. मॅक्रो नसलेलें कोणतेंही नांव तेथें ० समजावें, असा भाषेचा नियम आहे. अट खोटी ठरते आणि मिळवणीच्या ओळी कंपायलरच्या दृष्टीस पडण्यापूर्वींच गळतात. प्रोग्राम निमूटपणें चालतो, १४४० आंकड्यांचा तक्ताही छापतो. मात्र एकाही आंकड्यांत बेसलाइन नसते! प्रोग्राम अडून बसता तर बरें, असें वाटावयास लावणारी ही चूक. जीसीसी हा कंपायलर मागितल्यास याबद्दल इशारा देतो, एरवीं नाहीं.

तीच अट भाषेच्या साध्या ‘इफ’नें लिहावी. मग ती प्रोग्राम चालतांना, मूल्य हातीं आल्यावर तपासली जाते. तपासणीस लागणारा वेळ इतका अल्प असतो कीं, दिवसभराच्या १४४० नोंदींतही तो जाणवत नाहीं.